बारा पांगुळगाडे आणि बाभळीची चाकं

पिकअपमध्ये पांगुळगाडे रचून झाले, वरून दोरी आवळली, आणि आम्हा तिघांनाही काही कारण नसताना हसू फुटलं. बारा लाकडी गाडे, एकमेकांत पाय अडकवलेले. सकाळच्या वाऱ्यात त्यांची चाकं आपोआप फिरत होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला इतका आनंद होऊ नये, पण झाला.

आमचं बोरी अरबचं खराद मंडळ म्हणजे मारुतीच्या देवळामागचं एक टिनाचं शेड आणि दर रविवारी तिथं खरादेवर लाकूड फिरवून घडवणारे नऊ हौशी लोक. शिकवणारे नामदेवकाका, जातीचे सुतार, वय बहात्तर. फी नाही, अट एकच: आपल्या हातची पहिली वस्तू आपल्या घरी न्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची. माझं पहिलं लाटणं मधे जाड आणि कडेला वाकडं झालं होतं. ते देवळाच्या स्वयंपाकाला दिलं. भंडाऱ्याच्या पोळ्या तेव्हापासून नकाशासारख्या होतात.

या प्रवासाचं कारण एक फोन. आमच्यातले मास्तर, म्हणजे जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, यांची एक जुनी विद्यार्थिनी झरी जामणीकडे अंगणवाडीत आहे. ती म्हणाली, "सर, इथं पोडावर एक पोरगी आहे, मैनी. अडीच वर्षांची झाली, चालत नाही. डॉक्टर म्हनते पायात जोर आहे, भीती बसली आहे. तिले धरून चालाले काहीतरी पाह्यजे." पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मैनीसाठी एक करता करता आजूबाजूच्या पोडांसाठी बारा झाले.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नामदेवकाका, मास्तर आणि मी, आम्ही तिघांनी यवतमाळ, जोडमोहा, मोहद्यावरून पांढरकवडा गाठलं. रस्ता बराचसा चांगला, पण एक स्टेपनी तपासून घ्या. पांढरकवड्यात तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, आणि वरची झणझणीत तर्री मागाल तितकी. हॉटेलवाला पिकअपकडे बघत राहिला.

"काहो, लेकरं किती तुमचे?"

"बारा," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "सगळे एकाच उमरीचे."

"बाप रे! मंग तर्री अजून घ्या."

हायवे सोडून डावीकडे वळलं की कापसाची शेतं मागे पडतात आणि साग सुरू होतो. मोबाइलची रेंज जाते. घरी काय सांगायचं ते त्याआधीच सांगून ठेवा, पिण्याचं पाणीही भरून घ्या.

पोडावर पोचलो तेव्हा दुपार होती. मैनी आईच्या कडेवर होती, डोळे टपोरे, पाय लोंबते. आई जंगुबाई म्हणाली, "कडेवर घेऊन कापूस वेचतो मी, भाऊ. आता हे जड झाली. खाली ठेवलं का रडते." तिने मैनीचे तळवे पदराने पुसले आणि आमच्या गाड्यासमोर तिला उभं केलं.

आमचा गाडा कसा होता ते सांगायला हवं. सागाचा, लाखेच्या लाल-पिवळ्या रंगात चकाकणारा, चाकं बारीक आणि आरशासारखी गुळगुळीत. मंडळाच्या फरशीवर तो बोट लावलं की पळायचा. त्याच पळण्याचं आम्हाला भारी कौतुक होतं.

जंगुबाईचं अंगण सारवलेलं, त्याला किंचित उतार. मैनीने दांडी धरली आणि गाडा सुटला. ती हनुवटीवर आपटली. मग जे रडली! गाड्याकडे बोट दाखवून रडली. जंगुबाईने तिला उचललं आणि आमच्याकडे पाहिलं. लाज कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. भीती घालवायला आलो होतो आणि वाढवून बसलो.

ओट्यावर बसलेले लेतूबाबा, जंगुबाईचे सासरे, उठले. आमचं चाक बोटाने फिरवलं. ते फिरतच राहिलं. ते कोलामीत काही बोलले आणि सगळ्या बाया हसल्या. जंगुबाईने सांगितलं, "बाबा म्हनते, हे पळनाऱ्याची गाडी हाये. हिले तं अजून उभं राहाचं हाये."

नामदेवकाकांनी ते चाक स्वतः फिरवून पाहिलं. मग मांडीवर थाप मारून मला म्हणाले, "वसंता, साठ वर्षं लाकूड घासलं, अन् हे कोनी सांगतलं नाही!"

लेतूबाबांनी गोठ्यामागून पेरणीच्या मोडक्या तिफणीचं बाभळीचं खोड आणून टाकलं. जुनं, वाळलेलं, लोखंडासारखं. आता घडवायचं कसं? काका वडिलांची दोरीची खराद कायम सोबत बाळगतात: दोन खुंट्या, दोन लोखंडी टोकं, त्यामध्ये लाकूड, लाकडाला दोरीचे वेढे. एकाने दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची.

मास्तरांनी दोरी ओढली आणि पाचव्या मिनिटाला बसले. जंगुबाई मैनीला सासऱ्यांकडे देऊन पुढे आली. "हे तं ताक घुसळनं हाये. सरका, गुरुजी." आणि ओढली अशी, की बाभळीचा भुसा माझ्या मिशीत.

"मले पन धरू द्या ते," ती पटाशीकडे बघून म्हणाली.

मी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं. मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं आणि तिच्या हाती पटाशी दिली. "लाकूड तुमच्याकडे येईल तेव्हाच टेकवा, उलटं फिरलं का उचला." दोरी आता माझ्याकडे. पहिल्या दोन वेळा पटाशी उडाली, तिसऱ्यांदा भुशाची धार लागली. ती लहान पोरीसारखी ओरडली, "निघालं!"

अंधारायच्या आत चार बोटं रुंद, खरखरीत असं तिचं पहिलं चाक उतरलं. एका बाजूला चपटं. काका म्हणाले, "लाव बाई पोरीच्या गाडीले. आमचा नियम आज राहू दे." नियम ऐकल्यावर तिने मान हलवली. "नाही काका. नियम तो नियम." आणि चाक माझ्या हातात ठेवलं.

मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात, जेवण ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने आणि आम्ही मिळून मैनीची तीन चाकं केली. आसात घट्ट, मुद्दाम जड. दांडीखाली काकांनी दोन लाकडी टिपऱ्या अडकवल्या, चाक हललं की टक्‌ वाजणाऱ्या.

मैनी जवळ यायला तयार नव्हती. मग मास्तर, वय सहासष्ट, गुडघे टेकून स्वतः गाडा ढकलू लागले. टक्‌. टक्‌. त्यांच्यामागे मी. आमच्यामागे लेतूबाबा, काठी टाकून. अख्खं पोड हसून लोळत होतं आणि मैनी आईच्या कडेवरून वाकून वाकून बघत होती. शेवटी तिनेच हात पुढे केला.

खाली उतरवलं. दांडी धरली. गाडा हलला नाही, तिच्या वजनाखाली ठाम उभा राहिला. जंगुबाईचे हात हवेत, धरायला तयार. मैनीने सगळ्यांकडे पाहिलं, आणि ढकललं. टक्‌. एक पाऊल. टक्‌. दुसरं. मग खाली बसली आणि स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. नामदेवकाका डोळे पुसत म्हणाले, "भुसा गेला."

बाकीचे अकरा गाडे आम्ही परत आणले. त्यांची गुळगुळीत चाकं काढून बाभळीची बसवणं चालू आहे. महिनाभराने जंगुबाईचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढून बोलत होती, मागे टक्‌ टक्‌ अखंड. "भाऊ, आता हिले थांबवाचं काही बनवून द्या. दिवसभर मीच मांगं पळून राह्यली!"

तिचं पहिलं चाक माझ्या देव्हाऱ्यात आहे. एका बाजूने चपटं असल्यामुळे ते गडगडत नाही. ठेवलं तिथं उभं राहतं.