अंगणाचे तिकीट

नव्या मॅटला उन्हात एक वास येतो. तापलेल्या रबराचा, थोडा गोडसर, टाळूला चिकटून राहणारा. जळगावच्या त्या मैदानावर एका चैत्रातल्या दुपारी तो माझ्या नाकात शिरला. आजही चपलांच्या दुकानात नव्या जोडांची खोकी उघडली की तो येतो, आणि मी काहीही न घेता बाहेर पडते. सोबत असलेल्याला वाटते, मला काही पसंत पडले नाही. मी तसे वाटू देते.

त्या वासामागचे मी कुणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. कवितेत लिहावे असे एकदा मनात आले होते—पण कवितेत ते सुंदर झाले असते, आणि तेवढे तरी मला नको होते. म्हणून असे, साध्या वाक्यांत. जमेल तसे.

मी जळगावात मराठी शिकवते. आवाज बरा आहे, शब्द हाताशी असतात, म्हणून गावातल्या समारंभांचे निवेदन वर्षानुवर्षे माझ्याकडे येते. महिला कबड्डीची राज्यभरातली स्पर्धा आमच्याकडे भरवायचे ठरले तेव्हा आयोजकांनी मला समितीत घेतले ते त्यासाठीच. कबड्डीतले मला काय कळते? लहानपणी धुळ्यात, पांझरेच्या काठी, माझ्या मावसबहिणीने मला हुतुतू शिकवला होता, तेवढेच. ती माझ्याहून पुष्कळ मोठी. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. तिच्याकडे मी पुन्हा येईन. यावेच लागेल.

पहिल्या बैठकीत तिकिटांचा विषय निघाला. मॅटपासून जितके जवळ, तितका दर चढा—तीन दर्जे. समितीतले नाना, निवृत्त क्रीडाशिक्षक, एकटेच अडून बसले. त्यांचे म्हणणे असे, की यात्रेतला कुस्त्यांचा फड गोल असतो. पुढचे मांडी घालतात, मधले गुडघ्यावर येतात, मागचे उभे राहतात, आणि पैसा ज्याने त्याने कुस्ती पाहून झाल्यावर, ऐपतीप्रमाणे, पैलवानाच्या हातावर ठेवायचा असतो. "गोलात मागं कुणी नसतं, बाई," ते मला म्हणाले.

"नाना, मग खुर्ची सोडा आणि ऱ्हा उभे," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. नानाही हसले. स्पर्धेच्या दिवशी ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर होते. त्यांचे गुडघे दुखत होते.

नानांना उत्तर मी दिले. चांगले दिले. म्हटले, जो अधिक देऊ शकतो त्याने अधिक दिले तरच जो देऊ शकत नाही त्याचे दार उघडे राहते. सोफ्याच्या पैशातून मॅट येईल, खेळाडू मुलींचे दूध-अंडी येतील. यात खोटे काय होते? मी अजूनही शोधते. मुलींना दूध मिळाले. शेवटचे तिकीट खरोखरच स्वस्त राहिले. गादीला दर असावा, सावलीला असावा, चहालाही असावा. पण पाहण्याला? ज्याने तिकीट काढले त्याला खेळ किती दिसावा, हेही त्या दरात मोजायचे का? हा प्रश्न त्या बैठकीत मला सुचला नाही. सुचला तेव्हा मी कुठे बसले होते, ते पुढे येईल.

दर्ज्यांना नावे मीच दिली. पहिला, दुसरा, तिसरा म्हणणे कानाला बोचत होते. मी म्हटले, घराची नावे देऊ—सोफे ते माजघर, दोन्ही टोकांच्या खुर्च्या ती ओसरी, आणि माजघराच्या मागे ताडपत्रीवर बसायचे ते अंगण. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "वा मॅडम! अंगण म्हटलं की माणसाला वाटतं, आपलंच आहे." फलकांवर, तिकिटांवर, मोबाईलवरच्या जाहिरातींत ती नावे झळकली. मी त्या फलकांखालून जाताना मान किंचित वर करून जात असे. हे सांगायला नको होते बहुधा. पण तसेच चालत असे.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने मला विनंती केली, की मॅडम, सगळीकडे जरा बसून बघा, आवाज पोचतो का. मी माजघरात बसले, ओसरीत बसले. मग अंगणात, ताडपत्रीवर. ती तापली होती. मॅटवर स्थानिक संघाच्या दोन मुली सराव करत होत्या. त्या मला दिसल्या—कमरेपासून वर. माजघर पाहुण्यांसाठी लाकडी चौथऱ्यावर चढवले होते, आणि त्या चौथऱ्याने मॅट माझ्यापासून कापून नेली होती. पाण्यावर तरंगावीत तशी दोन धडे इकडून तिकडे सरकत होती. पाय नव्हते. रेषा नव्हत्या. सोफ्यांवर अजून माणसे बसायची होती. ती बसली की धडेही जातील आणि पुढचे कोणी उभे राहिले की आभाळ तेवढे उरेल, हे समजायला काही विद्वत्ता लागत नाही. मला समजले.

मंडपवाला तिथेच होता. त्याची माणसे दोऱ्या आवळत होती. सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत चौथरा उतरला असता, किंवा अंगणाखाली फळ्या आल्या असत्या. पण चौथरा अध्यक्षांच्या हौसेचा होता. सावद्याकडचे केळीचे मोठे व्यापारी, देणगीदार, त्यांच्या पायांना धूळ लागू नये म्हणून. तो उतरवा म्हणणारी मी कोण? माइक उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता तर?

"कसं वाटतंय, मॅडम?" पलीकडून ध्वनिवाल्याने विचारले.

मी उठले. साडीची धूळ झटकली. "आवाज अगदी स्वच्छ येतो," म्हणाले.

खरे बोलले, नाही का? एकेक अक्षर खरे.

आणि त्याच दिवशी, दिवेलागणीला, अक्काचा फोन आला.

अक्का धुळ्याकडच्या खेड्यात राहते. तिची रोहिणी धुळ्याच्या संघात चढाई करायची. लहानपणी खळ्यावर, मळणी झाल्यानंतरच्या टणक जमिनीवर, अक्कानेच तिला पाय टाकायला शिकवले होते. पण पोरगी मोठ्या मैदानांवर जाऊ लागली तशी आईच्या नजरेपलीकडे गेली. सामने सांगलीला, पुण्याला, कुठे कुठे. अक्काने लेकीला मॅटवर खेळताना एकदाही पाहिले नव्हते. आता सामना जळगावला होता. घरची सगळी माणसे निघणार होती, टेम्पो ठरला होता.

"नंदा, कोठे बसू वं आम्ही?" तिने विचारले. "जरा जोडे बसाड. माले तिना पाय देखना शेत. खेळ पायना शे." जवळ बसव म्हणत होती; लेकीचे पाय पाहायचे होते तिला.

माझ्या पर्समध्ये माजघराचे दोन पास होते, निवेदिकेला मिळालेले. ते मी एका संपादकांना आणि त्यांच्या पत्नीला द्यायचे ठरवले होते. ते माझ्या कविता छापत. पण ते पास कुणाला द्यायचे नसते तरी मी अक्काला जवळ बसवले असते का? ती ओरडणार होती. ओरडल्याशिवाय तिला खेळ पाहताच येत नाही. शेजारच्या व्यापाऱ्याच्या बायकोला कोपराने ढोसून म्हणणार होती, ती माइकवाली शे ना, मनी बहीण शे. मी, जी शुद्ध मराठीत बोलते आणि लिहिते, जिच्या कवितेत अहिराणीचा एक शब्द कधी आला नाही—

मी म्हणाले, "अक्का, तुम्ही सगळे अंगणात बसा. मोकळे असते. सगळ्यांना सोबत बसता येईल."

ती खूष झाली. अंगण, म्हणे, बरं नाव शे.

दुसऱ्या दिवशी एकामागून एक सामने जिंकत धुळ्याचा संघ रात्री अंतिम सामन्यात पोचला. मैदान भरले होते. प्रकाशझोतांखाली मॅट निळीशार दिसत होती, माझ्या जागेवरून तिच्या शिवणीही मोजता आल्या असत्या. शेवटच्या मिनिटांत दोन्ही संघ बरोबरीत आले आणि माजघर उठून उभे राहिले. देणगीदार, त्यांची मुले, हात उंच करून धरलेले मोबाईल. मागून गलका सुरू झाला—बसा, खाली बसा, काही दिसत नाही. एक पाण्याची बाटली चौथऱ्यावर येऊन पडली. अध्यक्षांनी वळून माझ्याकडे पाहिले.

तेव्हा एक आवाज त्या गलक्यातून सुटा झाला. फाटका, उंच.

"नंदा! वं नंदा! सांग ना त्यासले बसाले!"

तो मी ओळखला. पांझरेच्या काठी त्याच आवाजाने मला खेळ शिकवला होता. मी तो कसा ओळखणार नव्हते? तिला वाटले होते, माइक माझ्या हातात आहे म्हणजे काम झाले. साधीच गोष्ट तर होती. पुढच्यांना बसा म्हणायचे. एवढेच.

मी ओळखला—आणि मग बोलले. स्वर खाली आणला, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली, जशी कविता वाचताना सोडते. "अंगणातल्या मायबाप प्रेक्षकांनो, खेळ केवळ डोळ्यांनी पाहायचा नसतो, तो श्वासाने ऐकायचा असतो. शांत राहा, म्हणजे चढाईचा दम तुमच्याही कानी पडेल."

माजघराने टाळ्या वाजवल्या. उभ्यानेच. अंगण गप्प झाले. लगेच नाही, पण झाले. ओशाळे झाले असावे. माइकवरून असे काही आले की आपलेच चुकले असे माणसांना वाटते. मला हे ठाऊक होते.

त्या शांततेत रोहिणी चढाईला गेली. मला सगळे दिसले. डावा पाय बोनस रेषेपलीकडे, उजवा अधांतरी, मग कोपऱ्यातल्या दोघींच्या मधून ती वळली, एकीच्या खांद्याला बोटे लावली आणि मध्यरेषेवर आडवी पडली. धुळे जिंकले.

त्या चढाईची चित्रफीत आहे. माजघरातून कुणीतरी काढली, पुष्कळ फिरली. घरच्या मुलांनी अक्कालाही दाखवली असणार. चित्रफितीच्या सुरुवातीला माझा आवाज आहे, स्वच्छ.

नंतरच्या बैठकीत अंगणाच्या तक्रारी आल्या. सगळ्यांनी मिळून मंडपवाल्याला दोष दिला. चौथऱ्याची उंची त्याला कळायला हवी होती, असे ठरले. त्याला पुन्हा काम द्यायचे नाही, असेही ठरले. तो दाराशी उभा राहून सांगत होता, की उंची त्याला सांगितली तेवढीच त्याने ठेवली. मी आदल्या दिवशी त्या ताडपत्रीवर बसले होते, हे तिथे कुणाला माहीत नव्हते. मी चहा पीत होते. चहात आले जास्त झाले होते, हे आठवते. मला काही वाटले का? तुम्ही विचाराल. आठवायचा प्रयत्न करते, तर आल्याचीच चव येते.

त्याच पावसाळ्यात सरावात रोहिणीचा गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. ती चालते, दुचाकी चालवते, शाळेत शिकवते. मॅटवर पुन्हा उतरली नाही.

मी त्यानंतरही निवेदने केली आहेत. दर्ज्यांची तिकिटे असलेल्या मैदानांवरही. लोक म्हणतात, आवाज अजून तसाच आहे.

एक राहिले. सामना संपल्यावर मी फाटकाजवळ गेले होते. का गेले, नक्की सांगता येत नाही. टेम्पोपाशी घरची माणसे उभी होती, शेव-मुरमुरे खात. अक्काचे थोरले दीर, सगळे त्यांना आबा म्हणतात, मला पाहून मोठ्याने म्हणाले, "या या, माइकवाल्या बाई! आम्हीन तं बठ्ठी मॅच सोफानी पाठच देखी!" दुसरे कोणी म्हणाले, "तिकीट काढीसन पाठ देखी, आबा, फुकट नही!" हशा पिकला. तो कडवट नव्हता. माणसे जिंकून निघाली होती.

अक्का हसत नव्हती. चवड्यांवर उभी राहून राहून तिच्या पायांना गोळे आले होते. टेम्पोच्या फळीला टेकून ती एक पोटरी दाबत होती. घसा बसला होता. मी जवळ गेले. माफी मागायला नाही—तसे म्हटले तर ते खोटे होईल. मला आबांच्या त्या बोलण्यावर काहीतरी पांघरायचे होते, सगळ्यांसमोर, तिच्याच तोंडून.

"अक्का," मी विचारले, "रोहिणी नीट दिसली ना?"

आबा काही बोलायला गेले. तिने हाताने त्यांना थांबवले. मग माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ नाही, पण पुरे इतके. माझ्या खांद्यावर मंडपाचा काथ्या चिकटला होता, तो तिने दोन बोटांनी काढून टाकला, आणि म्हणाली,

"दिखनी."