काकूंनी काढलेला प्लग

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — तेही मला नीट सांगता येणार नाही.

प्रताप नगरात आमच्या गल्लीत मेश्राम सर राहतात. निवृत्त शिक्षक. ज्यांनी दीक्षाभूमीवर स्वतः धम्मदीक्षा घेतली होती, अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन सरांनी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. वर्षानुवर्षं. बोलणारे एकेक करून गेले. आवाज तेवढे राहिले. त्यांत सरांच्या सासूबाईंचाही होता. सरांच्या बायको, कुंदाकाकू, दुपारी भांडी आवरली की फोनवर आपल्या आईला ऐकत बसायच्या.

हे सगळं हॉलमधल्या एका छोट्या डब्यात होतं. नेटवर्क स्टोरेज म्हणतात त्याला — आत हार्ड डिस्क, वीज अगदी कमी खाणारा, घरात कुठूनही फोनवर ऐकता येईल असा. कंपनीने त्याचे अपडेट बंद केले होते. मी कॉम्प्युटरवाला, सदर भागातल्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतो. मी म्हणालो, सर, यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून देतो, नव्यासारखा होईल.

गरज होती का? डबा चालत होता. मलाच हौस होती. एवढ्याशा ताकदीच्या डब्यावर लिनक्स चालवून मित्रांना दाखवायचं होतं — बस, तेवढंच.

"सारं दुसरीकडे उतरवून घेतलं ना गा?" सरांनी विचारलं. मी हो म्हणालो. घेतलं नव्हतं. डबा संथ, कॉपी करण्यात अख्खा दिवस गेला असता. मी एक नवी, कोरी डिस्क आणून डब्यात बसवली होती. लिनक्स तिच्यावर जाणार, जुनीला हात लागायचा प्रश्नच नाही — असं मी धरून चाललो.

अशा डब्याला स्क्रीन नसतो. सगळं लॅपटॉपवरून करायचं. तिथे दोन्ही डिस्कच्या नावांत एका अक्षराचा फरक. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ का — असं लॅपटॉपने विचारलंही होतं. मी न वाचता हो दाबलं. थोड्या वेळाने पाहतो तर नवी डिस्क तशीच कोरी, आणि लिनक्स सरांच्या डिस्कवर उतरत होतं.

आणि नेमका तेव्हाच डब्याचा दिवा विझला. मे महिन्याची दुपार. काकूंनी कूलर लावायला त्याचा प्लग काढला होता.

"काकू, हे काय केलं तुम्ही!" मी ओरडलो.

ते तोंडातून आपोआप निघालं, असं म्हणू का? पहिल्यांदा निघालं असेल. पण सर बाहेर आले, तेव्हा मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं — मधेच वीज गेली, डिस्क गेली. बॅकअपही नीट उतरला नव्हता, असं वर जोडलं. ते मी विचार करून बोललो.

"काहून काढला वं?" सर एवढंच म्हणाले. काकू उभ्याच होत्या. "मले काय माहीत? मी त कूलर लावून राहिली होती."

इथवरच असतं तरी... पण नाही. डिस्क दुरुस्तीला दाखवतो म्हणून मी घरी नेली. पुसलेल्यातलंही बरंचसं परत मिळू शकतं, हे मला माहीत होतं. पण ज्याने ती उघडली असती, त्याला कळलं असतं की प्लगचा काही संबंध नाही, कुणीतरी ती पुसली आहे. मी कुणालाच दाखवली नाही. काही आठवड्यांनी सर म्हणाले, दे, पुण्याला पाठवून पाहतो. परत देण्याआधी मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुसली — आता कुणालाच काही सापडणार नाही अशी. ही चूक नव्हती. हे मी बसून, जागेवरून न हलता केलं.

पुण्याहून उत्तर आलं, यातून काहीच निघत नाही. सरांनी त्यानंतर कुणाचंच रेकॉर्डिंग केलं नाही. काकूंवर ते कधी रागावले नाहीत. फक्त त्या विषयावर बोलेनासे झाले. आणि काकू? घरात पंख्याचं बटण दाबतानाही विचारायच्या — बंद करू का? मी गेलो की मला आधी चहा. पोरानं केवढी धडपड केली, असं शेजारणींना सांगायच्या.

गेल्या वर्षी त्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो. सर औषधं आणायला खाली गेले होते, खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी माझा हात धरला.

"बेटा, त्या डिस्कचं अजून काही होते का? मायचा आवाज ऐकाचा होता."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

"नाही काकू," मी म्हणालो. "मधेच प्लग निघाला की काही करता येत नाही."

त्यांनी मान हलवली. "माह्याच हातानं झालं," म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

सर अजून त्याच घरात राहतात. त्यांना मी काहीही सांगितलेलं नाही.