दादाचा खोकला

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नागपुरात आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा टाकायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचा पक्षीवेड्यांचा ग्रुप होता — मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि दादाचे तीन मित्र. अंदमानातल्या नारकोंडम बेटावर धनेश पक्ष्याची एक जात आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला विझलेला ज्वालामुखी. परवानग्यांसाठी खेटे घालून घालून शेवटी पोर्ट ब्लेअरहून एक शिडाची बोट मिळाली.

दादाची एकच अडचण होती, खोकला. आमचं घर इतवारीतलं, हातमागवाल्यांचं. मागाच्या खोलीतल्या धुळीत तो वाढला. आधी दोन बारीक ठसके, मग एक लांबलचक. नेमका पक्षी दिसला की याला ढास लागायची आणि पक्षी भुर्र. मित्र टिंगल करायचे, तोही हसायचा. पण या वेळी मनातून धास्तावला होता. एवढ्या लांब येऊन आपल्यामुळे सगळ्यांचा धनेश जायचा, असं मला सारखं म्हणत होता.

बोटीवर त्यालाच कल्पना सुचली. नागपूरकरांना मारबत सांगायला नको. बाकीच्यांसाठी — पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबतीचा पुतळा वाजतगाजत नेतो, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतो आणि मग जाळतो. दादाने काटोलच्या संत्र्यांच्या पेटीतलं गवत काढून वहिनीच्या पिवळ्या पोलक्यात भरलं, कोळशाने डोळे काढले. भर फेब्रुवारीत मारबत! आम्ही डबे बडवले. नावाड्याने बोटीवर काही पेटवायचं नाही म्हणून बजावलं, तर दादा तिला तशीच पाण्यात टाकायला निघाला.

वहिनी हसता हसता थांबली. "अवो, तिले जाळा लागते. अशी नाही सोडत."

"समुद्रातून कुठं वापस येते वं ते?" दादा म्हणाला, आणि मोठ्यानं ओरडला, "माहा खोकला घेऊन जा गे मारबत!"

पिवळं पोलकं बराच वेळ लाटांवर दिसत होतं. आमच्या पुढे पुढे, बेटाच्याच दिशेनं. प्रवाह असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. बेटावरच्या पोलीस चौकीतले शिपाई खाली किनाऱ्यावरच थांबले, आम्ही चढण चढलो. आदल्या दिवसापासून दादाला एकदाही ढास लागली नव्हती आणि तो भलताच खुशीत होता. समोरच्या उंच झाडावर धनेशाची जोडी बसली होती. दादाने दुर्बीण लावली.

आणि खोकला ऐकू आला. दोन बारीक ठसके, मग एक लांबलचक. धनेश उडून गेले.

मी चिडून दादाकडे वळले. तो तोंड घट्ट मिटून उभा होता. खोकला वरच्या गर्द झाडीतून आला होता, जिथे आमच्यापैकी कुणीच नव्हतं. मग पुन्हा आला... तसाच. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"कुसुम, मी नाही खोकललो वं," दादा म्हणाला. वहिनीने त्याचा हात धरला तो बोटीत बसेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर दादा कधीच खोकला नाही. सर्दीत नाही, मिरचीच्या फोडणीत नाही. डॉक्टर म्हणाले छाती अगदी स्वच्छ आहे. आम्ही पेढे वाटले. वहिनी मात्र मुद्दाम चुलीत ओली लाकडं घालून त्याच्याकडे बघत बसायची. मला तेव्हा तिचा राग यायचा.

काही वर्षांनी, एका दुपारी अंगणात आम्ही संत्री खात बसलो होतो. दादा कशावरून तरी हसला आणि फोड घशात अडकली. साधी गोष्ट. वहिनी पाठीवर थापा मारत होती, "खोका, अवो खोका" म्हणत होती. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी कारण लिहिलं, ते बरोबरच आहे. पण त्याला खोकता का आलं नाही, ते त्यात लिहिलेलं नाही.

त्या बेटावर अजून लोक धनेश बघायला जातात म्हणे. तिथल्या झाडीतून दोन बारीक ठसके आणि मग एक लांबलचक असं कुणाला ऐकू आलं, तर घाबरू नका. मला फक्त कळवा. माझ्या दादाचं तेवढंच उरलंय.