हिराबाईंना दाखवलं का?

हिराबाई वाइन पेल्यातून चाखत नसत. टाकीच्या तोटीखाली उजवा तळवा धरायचा, त्यात चमचाभर वाइन घ्यायची, नाकाशी नेऊन हुंगायची, जिभेने टिपायची आणि लगेच मोरीत थुंकायची. गिळलेली मी कधी पाहिली नाही. एरवी दिवसातून तीनदा मशेरी लावणारी ही बाई बाटल्या भरायच्या आठवड्यात मशेरीची डबी घरी ठेवून यायची, आणि त्या आठवड्यात तिच्या वाटेला जायची कोणाची हिंमत नसे.

कोलाडजवळ, खांब गावाच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत, जांभळाची वाइन करणारी आमची छोटी वायनरी आहे. मी पेणची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केली, नाशिकला जाऊन वाइनचं शिक्षण घेतलं आणि इथली लॅब माझ्याकडे आली. हिराबाई मागच्या वाडीतल्या. पावसाळ्यात भाताची लावणी, थंडी सरताना वालाच्या शेंगांची तोडणी, आणि मधल्या दिवसांत आमच्याकडे बाटल्या धुवायला. एकदा टाकी घासता घासता त्यांनी मालकांना, म्हणजे विलासदादांना, झाकणाच्या रबराचा वास वाइनला लागतोय असं सांगितलं. ते खरं निघालं, आणि तेव्हापासून कोवळी वाइन आधी हिराबाईंच्या तळव्यावर जायला लागली. ही मी येण्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. म्हणजे मी आले तेव्हा जागा भरलेलीच होती.

त्यांचे शब्द मोजून तीन. तुरटपणा कच्चा असला की "अजून पानात हाय." मुरली की "फळात आला." आणि आत आंबणं थांबलं नसेल, जिभेला बारीक टोचत असेल, तर "चावतोय." याच तीन गोष्टींसाठी मी दोन पानी रिपोर्ट लिहायचे. दादा रिपोर्ट घ्यायचे, त्याची घडी घालून खिशात ठेवायचे आणि विचारायचे, "हिराबाईंना दाखवलं का?"

मला त्यांचा हेवा वाटायचा. आदरबिदर नंतरच्या गोष्टी. डबा खाताना त्या बायांमध्ये बसून हसल्या, तरी मला ते खुपायचं. बाटल्या धुणाऱ्या बाईशी कसली बरोबरी करतेस, असं स्वतःला बजावायचे, आणि पुन्हा रात्रंदिवस बरोबरीच करत बसायचे.

एकदा मी त्यांची परीक्षा घेतली. तीन ग्लासांत एकाच टाकीतली वाइन ओतली आणि तीन टाक्यांची आहे म्हणून सांगितलं. हिराबाईंनी तिन्ही तळव्यावर ओतून घेतल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकच हाय मॅडम. फकस्त तिसरा गिलास नीट धुतलेला नाय, साबण ऱ्हायलाय." ते ग्लास मी स्वतः धुतले होते. दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आईच्या आजारपणामुळे दादा दोन-तीन महिन्यांसाठी मुंबईला गेले आणि टाक्यांच्या चाव्या माझ्याकडे आल्या. बाटल्या भरायच्या दिवशी सकाळी हिराबाई नेहमीसारख्या टाकीखोलीच्या दाराशी आल्या. तोंडाला मशेरीचा वास नव्हता. मी दारातच आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "आता बाहेरच्यांना आत येता येणार नाही. स्वच्छतेचा नियम आहे."

"मी पन?" त्यांनी विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखाच."

त्यांनी वाद घातला नाही. क्षणभर तोटीकडे बघितलं आणि धुण्याच्या हौदाकडे परत गेल्या. बाकीच्या बाया पलीकडे पाठ करून बसल्या होत्या, नळ मोठ्याने चालू होता. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

आमची वाइन थोडी गोडसर ठेवतात. साखर राहते म्हणून आंबणं पुरतं थांबलंय ना, ही खात्री फार महत्त्वाची. दोन दिवस माझ्या तपासणीत साखरेचा आकडा हलला नव्हता, म्हणजे आंबणं थांबलं होतं. मी ग्लासातून चाखली तेव्हा जिभेच्या टोकाला काहीतरी बारीक टोचलं. जांभळाचा आंबटपणा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर त्या क्षणी माझ्या मनात "चावतोय" हाच शब्द आला होता. तो त्यांचा शब्द होता, म्हणून मी तो झटकून टाकला आणि बाटल्या भरायला सांगितलं.

थंडीने यीस्ट नुसतं झोपलं होतं. महिनाभराने ऊन तापलं, गोदाम तापलं, बाटल्यांत आंबणं पुन्हा सुरू झालं आणि बुचं उडायला लागली. खोके जांभळे झाले, भिंती जांभळ्या झाल्या. कोलाडच्या रिसॉर्टवाल्यांना द्यायचा सगळा माल वाया गेला. दादा तातडीने आले. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बाया डबे उघडून बसलेल्या असताना, त्यांनी मला त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

मी म्हणाले, "दाखवली होती."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. निघालं खरं. दादांनी हिराबाईंकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. आता सगळं बाहेर येणार, नोकरी जाणार, पेणला घरी काय सांगायचं, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

"व्हय," हिराबाई म्हणाल्या. "दाखवली व्हती. माझीच जीभ चुकली."

दादांनी त्यांना कामावरून काढलं नाही. फक्त तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. माझा रिपोर्ट ते आता उघडून वाचायला लागले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि त्यातलं काहीही गोड लागेना. बाया हिराबाईंना चिडवायच्या, "मशेरी लावून आली असशील गो." त्या ऐकून घ्यायच्या. आठ दिवसांनी त्यांनी कामावर येणं बंद केलं.

मी वाडीत गेले तेव्हा त्या शेतात वालाच्या शेंगा तोडत होत्या. मी बांधावर उभी राहून माफी मागितली. त्यांनी हात थांबवले नाहीत. माझ्यासाठी खोटं का बोललात, असं मी विचारलं तेव्हा मात्र त्या ताठ झाल्या.

"तुमच्यासाठी नाय बोलले," त्या म्हणाल्या. "जीभ चुकली म्हटलं तर बाया चार दिस हसतील. मला दारातून माघारी लावली, बाहेरची म्हटलं, हे त्यांना कळलं असतं, तर मी इतकी वर्सं तिथं कोण व्हते?"

मी दादांना खरं सांगते, असं म्हटलं. त्यांनी तोडलेल्या शेंगा टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, "दादांना सांगा. बायांना कळू देऊ नका."

दादांना मी ऑफिसचं दार लावून सगळं सांगितलं. ते खूप रागावले. तरी मला कामावर ठेवलं, का ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या हंगामात ते स्वतः वाडीत जाऊन हिराबाईंना घेऊन आले. तो प्रश्न पुन्हा सुरू झाला आणि, लपवून काय उपयोग, माझं जळणंही पुन्हा सुरू झालं. पण दार मी स्वतः उघडायचे. एकदा धीर करून मीही तळव्यावर वाइन घेतली. हिराबाई म्हणाल्या, "आधी ती हाताची क्रीम धुवून या."

गेल्या वर्षी हिराबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, रोह्याला दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या बाया त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. रडून झालं होतं, आता आठवणी निघत होत्या. तिच्यासारखी जीभ पंचक्रोशीत कोणाची नव्हती, असं एकीने म्हटलं. दुसरी डोळे पुसत म्हणाली, "इतक्या वर्सांत एकदाच चुकली बिचारी. व्हय ना मॅडम?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "एकदाच."