डब्यातली मेथी

आज मेथी निवडताना बोटांना तो कडवट वास लागला आणि आखातातला, अल् घुब्रातला आमचा भाड्याचा फ्लॅट आठवला. सत्त्याण्णव साल असेल. नवरा, शिरीष, वाळवंटातल्या साइटवर असायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. पुण्यात घर घ्यायचं होतं, म्हणून मी किराण्यात जमेल तेवढी काटकसर करायचे. विमानाने येणारी मेथीची जुडी परवडायची नाही, म्हणून दूध पावडरच्या तीन रिकाम्या डब्यांत माती भरून मी मेथीदाणे पेरले.

तीन आठवड्यांनी जेमतेम दोघांपुरती भाजी निघाली. गुरुवारी ती लसणावर परतली, भाकऱ्या थापल्या आणि फोन वाजला.

“या आठवड्यात यायला जमत नाही गं,” शिरीष म्हणाला. “तू काय केलंस जेवायला?”

“काही नाही, वरणभात. आणि तुझं?”

“इथं मेसमध्ये बिर्याणी आहे. काळजी करू नकोस.”

फोन ठेवल्यावर घरात एसीची घरघर तेवढी उरली. त्या फोनआधी चार दिवसांत मी कुणाशी मराठीत बोलले नव्हते. ती भाजी मी एकटीनेच दोन दिवस पुरवून खाल्ली. तो तिकडे मजेत आहे, असं वाटून त्याचा रागही आला.

परवा बोलता बोलता तो म्हणाला, गुरुवारी रात्री मेस बंदच असायची, साइटवर राहावं लागलं की तो खुबूस रोटीला लोणचं लावून खायचा.

मी त्याला त्या दिवशीच्या मेथीचं सांगितलं.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तू तरी कुठे सांगितलंस,” मी म्हणाले.