गुणवंत सबनीसचं मत

कोबेच्या मराठी मंडळात गुणवंत सबनीस दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक म्हणजे गणपतीच्या सजावटीला तो दरवर्षी हजर असायचा आणि दरवर्षी काहीतरी वाकडं असल्याचं दाखवून द्यायचा. दुसरी म्हणजे हाँगकाँगचे सिनेमे. कँटोनीज भाषेतले मारामारीचे, भुताखेतांचे, विनोदी सिनेमे. त्यांच्यावर इतक्या अधिकाराने बोलणारा मराठी माणूस साऱ्या जपानात दुसरा नव्हता. अर्थात दुसरा शोधायला कोणी गेलंही नव्हतं, ते सोडा.

या वेडाची सुरुवात एकटेपणात झाली. चिंचवडहून कंपनीच्या कंत्राटावर आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. जपानी कामापुरतं यायचं, माणसं ऑफिसपुरती भेटायची, आणि रविवार खायला उठायचा. सान्नोमिया स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक लहानसं थिएटर होतं, तिथे हे सिनेमे लागत. लहानपणी चिंचवडमध्ये पोरं ज्यांना सरसकट 'कराटे पिक्चर' म्हणायची तेच, पण इथे मूळ भाषेत, खाली संवादांच्या जपानी पाट्या. गुणवंत दर रविवारी तिथे जाऊन बसू लागला. त्या अंधारात तो पोट धरून हसायचा. हे त्याने पुढे कुठेच लिहिलं नाही.

लिहिलं ते वेगळंच. लग्न झालं, स्नेहलता आली, सुरुची झाली, आणि मधल्या काळात गुणवंतने मराठीत एक ब्लॉग सुरू केला. त्याची नजर तयार होती, हे मान्य करायलाच हवं. जुन्या सिनेमांत कॅमेरा लांब उभा राहतो, नट पायापासून डोक्यापर्यंत दिसतो, म्हणून ठोसा खरा वाटतो. नव्यांत इतकी काटछाट की कोण कोणाला मारतंय ते संकलकालाच ठाऊक, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. भीती आणि विनोद एकाच प्रसंगात कालवले की दोन्ही पातळ होतात, असंही तो म्हणायचा. भुतांच्या एका विनोदी सिनेमावर त्याने लिहिलं होतं, 'यात भीतीला हसू येतं, हसण्याला भीती वाटते आणि प्रेक्षकाला झोप लागते.' हे वाक्य पुण्यातल्या एका दिवाळी अंकाने चौकटीत छापलं. मग काय विचारता! गुणवंत नाकाने कांदे सोलू लागला. सिनेमा बघताना तो आता सिनेमा बघतच नसे, पुढचं वाक्य शोधत असे.

शुक्रवारी संध्याकाळी घरी सिनेमा, हा त्यांच्याकडचा रिवाज होता. स्नेहलताला हे सिनेमे मनापासून आवडायचे. कँटोनीज तिला येत नव्हती, जपानी पाट्या अर्धी ओळ वाचेपर्यंत निघून जायच्या. पण नटाचा चेहरा बदलला, खुर्ची सरकली, एखादं भूत दारात अडकलं की ती हसायची. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज, आणि मग धबधबा. तिच्या मांडीवरची सुरुची आईचं बघून हसायची.

एका शुक्रवारी मंडळातले मोहन आणि विद्या जेवायला आले होते. सिनेमा चालू होता. स्नेहलता हसली, नेहमीसारखी, सगळ्यांच्या आधी. गुणवंत पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "हिला ना भाषा कळते, ना पाट्या वाचता येतात. तरी ही सगळ्यांच्या आधी हसते. अगं, हसतेस तरी कशाला?"

मोहन-विद्या खो खो हसले. सिनेमाला कोणी इतकं हसलं नव्हतं. स्नेहलताही हसली, थोडीशी, आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर शुक्रवारी स्नेहलताला स्वयंपाकघरात कामं निघू लागली. कधी ओटा पुसायचा, कधी प्लास्टिकचा कचरा वेगळा करायचा राहिलेला, कधी उद्याचा डबा. "तुम्ही बघा, मी ऐकतेय तिथून," ती म्हणायची. गुणवंतला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शांतपणे बघायला मिळतं, असंच त्याला वाटलं.

राहिली सुरुची. तिला घडवायचं त्याने मनावर घेतलं. सिनेमा संपला की तो विचारायचा, "कसा वाटला?" सात-आठ वर्षांची पोर डोळे चमकवत म्हणायची, "ओमोशिरोई!" मज्जा आली, एवढंच. गुणवंत म्हणायचा, "मज्जा आली हे मत नव्हे. का आली ते सांग." ती काहीतरी सांगायची, तो ते कसं चुकीचं आहे ते समजावायचा. प्रेमानेच समजावायचा, त्यात खोट नव्हती. पण पोरगी हुशार होती, लवकर शिकली. दहाव्या वर्षापासून बाबाने काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर ठरलेलं. "फुत्सू." ठीक, नेहमीसारखं. सिनेमा कसा होता? फुत्सू. शाळा? फुत्सू. सहल? फुत्सू. या शब्दात कोणाला काही चुकीचं सापडत नाही. बारावीत जाईपर्यंत तिने शुक्रवारी बसणंही सोडलं, अभ्यास होता. गुणवंत एकटाच बघायचा, एकटाच लिहायचा, आणि वाचकांच्या प्रतिक्रियांना तत्परतेने उत्तरं द्यायचा.

यंदा सुरुचीला दूर उत्तरेकडच्या सेंदाईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. मार्चअखेर ती जाणार होती. बैठकीच्या खोलीत खोकी येऊन पडली.

त्यातल्याच एका रविवारी गुणवंत ऑफिसला गेला होता. सिस्टिमचं काम होतं, संध्याकाळपर्यंत चालेल असं घरी सांगून गेला, पण ते दुपारीच आटोपलं. चढ चढून तो घरी आला, दार उघडलं, आणि वाकून बूट काढता काढता थांबला.

आतून उचकीसारखा आवाज आला. त्यामागून धबधबा.

किती वर्षांनी ऐकला हा आवाज! त्याला आधी वाटलं, कोणी पाहुणी आली आहे. मग त्यात सुरुचीचं हसणंही मिसळलं. मोठ्याने, मोकळं, आईसारखंच. आपली मुलगी अशी हसते हे त्याला माहीत नव्हतं. एक बूट पायात, एक हातात, असा तो तिथेच उभा राहिला. आपण आत गेलो की हे थांबणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तरीही तो आत गेला. आणि ते थांबलं. सुरुचीने सिनेमा थांबवला, स्नेहलता नसलेला पदर सावरावा तशी ओढणी सारखी करत उठली. "लवकर आलास? चहा टाकते."

पडद्यावर लिफ्टमध्ये एक घाबरलेला मांत्रिक आणि एक मुडदा शेजारी शेजारी उभे होते. हा तोच सिनेमा होता. चौकटीत छापलेल्या वाक्याचा.

"चहा राहू दे," गुणवंत म्हणाला. "चालू दे ना. मी पण बसतो."

"बाबा, तुला हा आवडत नाही," सुरुची म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तूच लिहिलंयस. मी ट्रान्सलेट करून वाचते ना तुझा ब्लॉग."

गुणवंतला क्षणभर बरं वाटलं. पोरगी आपलं वाचते! "अच्छा? मग?"

"मग काय, तू ज्यांना खूप नावं ठेवतोस ना, ते आम्ही बघतो. तू नसताना. ते खरंच चांगले असतात," सुरुची सहज म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "ऑलमोस्ट सगळे झाले. हा एक राहिला होता."

"सुरू!" स्नेहलता दटावल्यासारखं म्हणाली.

गुणवंत हसायला गेला, ते जमलं नाही. "मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "शप्पथ. सिनेमा संपल्यावरही नाही. बसा दोघी."

दोघी बसल्या. तो सोफ्याच्या कडेला बसला. सिनेमा पुढे सुरू झाला. मांत्रिक घामाघूम झाला, मुडदा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला, लिफ्टमध्ये एक म्हातारी शिरली आणि मुडद्याला वेळ विचारू लागली. कोणी हसलं नाही. स्नेहलता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सुरुची ताठ बसली होती, परीक्षेला बसावी तशी. गुणवंत खरोखरच एक शब्द बोलला नाही, पण त्याच्या गप्प बसण्यातही दोघींना मत ऐकू येत असावं.

मग म्हातारीने मुडद्याला फणसाचं सरबत पाजलं. आणि गुणवंतला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून, त्या गल्लीतल्या थिएटरात यायचं तसं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला, आणि हसत हसत बाजूला वळला.

दोघी पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या.

"राहू दे रे," स्नेहलता हलक्या आवाजात म्हणाली. "आमच्यासाठी नको हसूस."

"नाही गं. खरंच आलं हसू."

"हो का?" ती म्हणाली. तिने त्याच्या गुडघ्यावर हाताने थोपटलं, आजाऱ्याला थोपटावं तसं. सुरुचीने घड्याळ बघितलं. "आई, पुस्तकांची खोकी राहिलीत. उरलेला नंतर बघू या?" आणि तिने टीव्ही बंद केला.

त्या रात्री गुणवंतने काही लिहिलं नाही. इतकी वर्षं वाचकांना सांगत आलो की विनोद कुठे फसतो, आणि घरातला विनोद आपणच बुजवला, याची त्याला मनस्वी लाज वाटली. माफी मागावी, असं दोनदा मनात आलं. पण मागायची कशाची? 'मी मत दिलं' याची? ते तर दोघींनी केव्हाच माफ करून टाकलं होतं, म्हणून तर त्या त्याच्याशी इतक्या चांगल्या वागत होत्या.

सोमवारी कामावरून तो वेळेवर सुटला. स्टेशनवर उतरला, कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, कॉफी घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला.

"आज मला उशीर होईल," तो म्हणाला.

"किती उशीर?" स्नेहलताने विचारलं.

"बराच. तुम्ही जेवून घ्या."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवायच्या आधी, उरलेला सिनेमा लाव म्हणून तिने सुरुचीला मारलेली हाक त्याला ऐकू आली.