नाताळचा शास्त्रपाठ आणि अण्णांचं बोट

आमच्या जुन्नरच्या चर्चमध्ये झाडू मारला तर धूळ कमी आणि किस्से जास्त निघतील. मंडळी लहान, सगळे एकमेकांचे नातलग, आणि उपासना संपली तरी घरी जायची घाई कुणालाच नाही. बाहेर चिंचेखाली उभं राहून एकेकाची जी उजळणी होते, तिच्यापुढे पाळकसाहेबांचा उपदेश फिका! त्यातलेच काही किस्से सांगते. माझी बाजू धरून सांगणार, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मी एस्तर. नुकतीच बी.ए. झालेली, आई अंगणवाडीत. लीना माझ्याच वयाची, येडगावची. तिचे वडील आल्फ्रेडकाका टोमॅटो आणि ऊस करायचे. आणि सायमनअण्णा म्हणजे मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पंच, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर.

आमच्याकडे शास्त्रपाठ कोण वाचणार हे आधी ठरायचं नाही. गीत संपता संपता अण्णा पहिल्या बाकावरून मागे वळायचे, चष्म्यावरून बघायचे आणि बोट दाखवायचे. ज्याच्याकडे बोट, त्याने वर चढून मोठ्या बायबलमधून वाचायचं. मला ते बोट हवं होतं. साधं नाही, नाताळचं! नाताळला शिनोलीपासून बोरीपर्यंतची सगळी मंडळी जमायची.

आणि बोट जायचं कुणाकडे? लीनाकडे. दरवेळी!

*

अण्णांची कंडक्टरी रिटायर झाली नव्हती. चर्चमध्ये सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात आणि पुढची बाकं मोकळी, हा आमचा पिढीजात रिवाज. पाळकसाहेब "कृपया पुढे या" म्हणून थकले. एका रविवारी अण्णा उठले, मधल्या वाटेत उभे राहिले आणि ओरडले, "सरका पुढं! पुढं जागा हाय! दारात कुनी थांबू नका!"

अख्खी मंडळी सवयीने उठून पुढे सरकली. एक म्हातारबाबा तर घाबरून पास शोधायला लागले!

*

संडे स्कूलपासून आमच्याकडे बायबल ड्रिल असायचं. बायबल मिटून डोक्यावर धरायचं, अण्णा संदर्भ ओरडणार, आणि जो आधी काढेल त्याने वाचायचं. हबक्कूकचं पुस्तक असो की सफन्याचं, माझ्याआधी कुणाचं पान उघडलं नाही. अण्णांचं ओरडून व्हायच्या आत मी उभी!

एकदा सगळ्यांसमोर मी असंच धाडधाड वाचून काढलं. अण्णा म्हणाले, "शाब्बास एस्तरे, पयली आलीस!"

मी ताठ.

"आता लीना, तू वाच. म्हंजी समजंल तरी."

*

एका ऑक्टोबरात खुली प्रार्थना चालू होती. बोरी बुद्रुकचे येशूदासकाका उभे राहिले. "प्रभू, ज्वारी पेरायची हाय, एक पाऊस दे." ते बसायच्या आत आल्फ्रेडकाका उभे. "प्रभू, टोमॅटो फुलावर हाय. आता पाऊस आवर." येशूदासकाका परत उभे. "प्रभू, मी आदी मागितलंय!"

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून पाहिलं, पण दोघंही ऐकेनात. मी मनात मुद्देसूद प्रार्थना तयार केली. धरणाचं पाणी, पाटाची पाळी, दोघांचंही भागेल अशी.

मी उठणार तेवढ्यात लीना उठली. नुसतं "प्रभू..." म्हणाली, आणि रडायला लागली. बस्स! तेवढंच!

दोन्ही काका तिच्याबरोबर डोळे पुसायला लागले. आई माझ्या कानात म्हणाली, "लीनाकडून शिक जरा."

काय शिकू? रडायला?

*

त्या सुमारास उसात बिबटे फार झाले होते. अशात लीनाच्या घरी प्रार्थनासभा. ऊस थेट अंगणाला टेकलेला. अण्णांनी वचन घेतलं सिंहांच्या गुहेतून सुखरूप निघालेल्या दानिएलाचं. काय तो आवेश! "ज्याचा इस्वास पक्का, त्याला सिंव्ह म्हंजी मांजर! मग हा बिबट्या काय, मांजरीचं पिल्लू!"

सभा संपली, दिवस कलला. अण्णांनी पायरीवरून एक पाय खाली टाकला आणि उसात खसफस झाली. पाय परत वर!

"आल्फ्रेडभाऊ, ट्रॅक्टर काढता का जरा?"

मी कशाला गप्प बसते? "अण्णा, आणि दानिएल?"

अण्णा ट्रॉलीत चढता चढता म्हणाले, "दानिएलाला राजानं टाकलं व्हतं, पोरी. त्यो आपल्या पायानं गेला न्हवता!"

पुढच्या रविवारी बोट कुणाकडे? ट्रॉलीत जिने त्यांचा हात धरला होता, तिच्याकडे!

*

शिनोलीला राहेलमावशींच्या घरी बायकांचा बायबल अभ्यास होता. शिकवायला अर्थात अण्णा. विषय उधळ्या मुलाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट. अण्णांनी विचारलं, "धाकटा परत आला, बापानं मेजवानी केली, समदे खूश. फकस्त एक जण घराबाहेर फुगून बसला. कोण?"

"थोरला," मी म्हणाले. "आणि त्याचं बरोबरच होतं!"

अण्णांचा चष्मा घसरला.

"बरोबर नाही तर काय? इतकी वर्षं शेतात कोण राबलं? गुरं कोणी सांभाळली? आणि पंगत कुणासाठी, तर बापाचा पैसा उडवून गावभर हिंडून आलेल्यासाठी! थोरल्याला कुणी एकदा तरी विचारलं का, बाबा रे, तुला काय हवंय?"

राहेलमावशींनी मांडीवर थाप मारली. "एस्तर बरूबर बोलती! माजी सासू बी अशीच. धाकटी जाऊ म्हायेरावरनं आली की तिला पुरनपोळी. आन मी काय चुलीचं लाकूड?" मग काय, प्रत्येकीला आपापली जाऊ आठवली. अण्णा ओरडले, "बायांनो, दाखला येशूचा हाय, तुमच्या जावंचा न्हाई!"

तो गलबला थांबल्यावर लीना हळूच म्हणाली, "पण बाप थोरल्यासाठीही बाहेर आला होता ना? त्याला आत बोलवायला."

अण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले.

हे मला का सुचलं नाही? सुचलं असतं तर मी तिच्याआधीच बोलले असते!

*

शेवटी एका वर्षी मंडळीच्या बैठकीत मी उभी राहिले. आईने पदर ओढला, तरी राहिले. "अण्णा, तुमचं बोट दरवेळी लीनाकडेच का वळतं? बाकीच्यांना वाचता येत नाही का?"

सगळे खाली बघायला लागले. अण्णांनी आपलं बोट एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "बरं. यंदा नाताळला बोट न्हाई. कापनीच्या सनाला लिलाव. ज्याची बोली मोठी, त्याचा पाठ."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "शास्त्रपाठाचा लिलाव?"

"मग तुमी दावा बोट!" अण्णा म्हणाले. पाळकसाहेब लगेच लिलावाला राजी झाले.

कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक जण घरचं पहिलं पीक चर्चमध्ये आणतो, आणि उपासनेनंतर चिंचेखाली त्याचा लिलाव होतो. गंमत अशी की घेणारा पुष्कळदा "परत!" म्हणतो. म्हणजे वस्तू पुन्हा देवाला दिली. ती टेबलावर येते आणि बोली पुन्हा सुरू. त्या दिवशी आमच्या कोंबड्याला इतके मालक झाले, की शेवटी तो दमून पाळकसाहेबांच्या मांडीवर झोपला!

सगळ्यात शेवटी शास्त्रपाठ. मी ट्यूशनचे साठवलेले सगळे पैसे रुमालात बांधून आणले होते. मी बोलले. आल्फ्रेडकाका चढले. मी बोलले, काका चढले. त्या वर्षी टोमॅटोला भाव होता. माझा रुमाल संपला.

"एक वार... दोन वार... तीन वार! लीना!"

देवावर भरवसा ठेव म्हणतात. ठेवला होता. पण देवसुद्धा टोमॅटोवाल्यांचाच का?

तेवढ्यात लीना उठली. हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "परत."

बायका "अगं बाई!" म्हणून विरघळल्या. आल्फ्रेडकाका मुलीकडे बघतच राहिले. मी दात आवळले. मी जिंकले असते, तर मी "परत" म्हणाले असते का? विचारू नका!

पाठ पुन्हा टेबलावर. माझ्याकडे बोली लावायला काही नाही. बाकी कुणी तोंड उघडेना. तेव्हा अण्णांनी स्वतःच बोली लावली. दर वर्षी लिलावात एक लिंबू घेऊन घरी जाणारे अण्णा! स्वतःच एक वार, दोन वार, तीन वार म्हणाले, आणि माझ्याकडे वळून बोट दाखवलं.

"चढ, एस्तरे. पुढं जागा हाय."

*

नाताळपर्यंत मी घरात येशूच्या जन्माचा तो पाठ इतका वाचला, की आईला भाकरी थापताना तोंडपाठ झाला. सावकाश वाचायची सवय केली. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं ठरवलं.

नाताळच्या सकाळी चर्च दारापर्यंत भरलं होतं. कागदी चांदण्या, नव्या साड्या, शिनोलीचे, येडगावचे, बोरीचे सगळे. मी वर चढले. मोठं बायबल उघडलं आणि वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. माझा आवाज इतका स्वच्छ कधीच लागला नव्हता. मेंढपाळांपाशी आले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

शेवटचा शब्द संपवून मी वर पाहिलं.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

पहिल्या बाकावर लीना बसली होती. पांढरी शाल, चेहरा वर, ओठ थोडे उघडे, आणि गालांवरून संथ पाणी. राहेलमावशी तिच्याकडे बघून हुंदके देत होत्या. मागची मंडळी माना उंचावून बघत होती.

उपासना झाल्यावर मी सरळ चिंचेखाली अण्णांना गाठलं.

"सलाम, अण्णा. कसं झालं वाचन?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ब्येस झालं, पोरी. लई ब्येस." मग लांब उभ्या असलेल्या लीनाकडे बघत म्हणाले, "पर ऐकावं तर लीनानं!"